पिराचं नाव, दोन भावांत

आजी तांदूळ निवडायला बसली की ही गोष्ट निघायची. सूप मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खडा सापडला की बोलणं थांबायचं, खडा अंगणात उडाला की वाक्य पुढे सरकायचं.

वेरूळच्या मालोजीराजांच्या घरी पाळणा हलत नव्हता. उमाबाईंनी किती देव पाण्यात ठेवले असतील! शेवटी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला आणि पाठोपाठ दोन मुलगे झाले. "मग पिराचं नाव दोघांत वाटलं. थोरल्याला शहा, धाकट्याला शरीफ. भाकरी मोडून द्यावी तसं." हे सांगताना ती हातानं भाकरी मोडूनच दाखवायची.

पुढे कळलं, की ही नुसती आज्यांची गोष्ट नव्हे. शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी संस्कृत 'शिवभारता'त या पिराचं आणि त्याच्यावरून ठेवलेल्या नावांचं बोलणं आणलं आहे. छत्रपतींच्या आजोबांचा नवस सांगताना त्यांच्याच दरबारातल्या कवीला अवघडल्यासारखं झालं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शहा हा शब्द फारसी, शरीफ अरबी. त्याच्या मुळाशी उंची आहे. शरफ म्हणजे मान, थोरवी. शरीफ म्हणजे थोर कुळातला. याच धातूतून मुश्रीफ आला, म्हणजे वरून नजर ठेवणारा, देखरेख करणारा अधिकारी. दख्खनेत तो हुद्दा आडनाव होऊन राहिला. (आपला सराफ मात्र वेगळ्या धातूचा, त्याचं नातं नाणी पारखण्याशी.)

अरबांत आधी शरीफ ही पदवी होती. पैगंबरांचे नातू हसन यांच्या वंशजांना शरीफ म्हणत, आणि मक्केचा कारभार दहाव्या शतकापासून १९२४ पर्यंत अशाच शरीफांकडे होता. ११५४ मध्ये सिसिलीच्या रॉजर राजासाठी जगाचा नकाशा पुरा करणारा अल-इद्रिसीही शरीफच. पदवीचं हळूहळू नाव झालं, आणि कुळ सांगता न येणाऱ्या बापालाही ते आपल्या लेकराला देता येऊ लागलं. इजिप्तच्या ओमर शरीफनं तर ते पडद्यासाठी स्वतःच घेतलं. १९३२ साली अलेक्झांड्रियात एका ख्रिस्ती घरात जन्मला तेव्हा त्याचं नाव मिशेल होतं. आपल्याकडे हा शब्द माणसांपुरताही उरला नाही. अजमेर शरीफ, कुराण शरीफ अशी आदराची जोड झाला.

भोसल्यांच्या घरात त्याला 'जी' लागला आणि शरीफजी हे नाव अस्सल मराठी झालं. शहाजीराजे तर घराघरांत पोचले. धाकट्याचं नाव पुस्तकात एका ओळीपुरतं येतं. १६२४ सालची भातवडीची लढाई. मलिक अंबरनं तलावाचं पाणी फोडून सोडलं, मोगल आणि आदिलशाही फौजांची छावणी चिखलात रुतली, निजामशाहीचा विजय झाला. दोघे भाऊ त्या लढाईत होते. शहाजीराजे नावारूपाला आले. शरीफजी तिथंच पडले.

आजीला ही ओळ सांगवत नसे. "धाकटा राहिला तिकडंच," एवढं म्हणून ती सूप पाखडायला घ्यायची.

भातवडीला आता भातोडी म्हणतात. नगरहून जवळच आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजोबांनी मला सायकलवर पुढं बसवून तिथं नेलं. निघताना आजीनं खडीसाखरेच्या दोन पुरचुंड्या माझ्या खिशात घातल्या. एक नगरात दर्ग्यावर द्यायची, दुसरी शरीफजीराजांच्या समाधीपाशी. दर्ग्यात मुजावरांनी माझ्या डोक्यावरून मोरपिसांचा कुंचा फिरवला आणि खिशातलं दुसरं गाठोडं कोणाचं म्हणून विचारलं. आजोबांनी सांगितलं. त्यांनी ती पुरचुंडी हातात घेतली, डोळे मिटून ओठांशी काही पुटपुटले आणि परत माझ्या खिशात घातली.

भातोडीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खडीसाखरेला उदाचा वास येत होता.