नजरेचा अंदाज आणि मापाचा अंदाज

उभे पीक पाहून "यंदा किती उतरेल?" असे आपण सहज विचारतो. एके काळी या उत्तरावर सारा ठरे, आणि घरात दाणा किती उरणार हेही ठरे.

छत्रपती संभाजीनगरचे जुने नाव खडकी. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने ते १६१० साली वसवले. त्याची नहर सर्वांना ठाऊक आहे. त्याचा जमीनबंदोबस्त मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्याने महसुलाचा इजारा मोडला. इजारदाराला पिकाशी काय देणेघेणे? बोली भरली की वसुली! अंबराने सारा पिकाशी बांधला. आधी धान्यात दोन-पंचमांश, आणि काही वर्षांचा अनुभव घेतल्यावर सुमारे एक-तृतीयांश किमतीची रोख रक्कम, असे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे.

पुढे आणेवारी आली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि तिची पैसेवारी झाली. दुष्काळाची सवलत या आकड्यावर अवलंबून. मग पाहणारा रस्त्याकडेचे शेत पाहतो की माळावरचे, याला केवढे महत्त्व!

हा नजरेचा दोष काढण्याच्या कामी सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे आले. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी पीककापणीचे प्रयोग बसवले. शेत कोणते आणि त्यातला तुकडा कोणता, हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे घेत. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, तुकडा फार लहान असला तर कडेची ताटे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. वाद चांगलाच रंगला.

आता हे आपल्या उसात करून पाहा. समजा, सरी चार फुटांची आहे. एका सरीची दहा फूट लांबी म्हणजे ४० चौरस फूट, एकराचा १०८९ वा भाग. त्यात गाळपाजोगे ३६ ऊस निघाले, तर एकरी ३९,२०४. सरासरी ऊस एक किलोचा धरला तर सुमारे ३९ टन. पण बांधाजवळ, उजेड जास्त मिळालेल्या जागी ४५ ऊस मोजलेत, तर आकडा ४९ टनांवर जातो. नऊ उसांनी दहा टन वाढले! म्हणून एका जागेवर थांबू नका. सरीचा नंबर आणि पावले चिठ्ठीने काढा. मुलांकडून काढून घेतल्यास उत्तमच.

जाडीलाही जपा. उसाची जाडी दहा टक्के कमी भरली, तर तेवढ्याच उंचीला घनफळ एकोणीस टक्के घटते. वाढ पाहायची असेल तर ठरावीक उसांना दोरी बांधा आणि दर महिन्याला तेच ऊस मापा. वजनाच्या वेळी पाचट काढा, आणि वाढे वेगळे तोला. ते गोठ्याच्या हिशेबात धरायचे आहे.