बदकांची बंदूक आणि डोळ्यांवरचा डबा

जुन्या खेळयंत्रांविषयी लिहिताना यंत्राचे नाव, कंपनी आणि साल एवढ्यावर लेखक थांबतात. आम्हांला त्यांच्या जोडीने आलेल्या लहानसहान वस्तूंचा इतिहास अधिक बोलका वाटतो.

निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेला 'फॅमिकॉम' चांदूर बाजारात आम्ही कधी पाहिला नाही; पाहिल्या त्याच्या नकला. १९९०च्या दशकात अमरावतीहून कुणी 'मीडिया', कुणी 'समुराई' असे नाव छापलेला खोका घेऊन येई. सोबत दोन रिमोट, एक 'कॅसेट' (तिच्यात फीत नसे, नाव मात्र तेच) आणि एक प्लास्टिकची बंदूक. बंदुकीने टीव्हीवरची बदके टिपायची.

बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जाते, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात व्यवहार उलटा होता. घोडा ओढताच पडदा निमिषभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपे. गोळी टीव्हीतून बंदुकीकडे येत होती म्हणा ना! हे सारे जाड काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेले होते. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते. त्यामुळे धडधाकट बंदूकही तेथे आंधळी ठरते.

आभासी वास्तवाचे हेडसेट स्वतःचा पडदा बरोबर घेऊन येतात, म्हणून ते या परावलंबनातून सुटले असे वाटते. तसे नाही. गूगलने २०१४ साली काढलेला 'कार्डबोर्ड' म्हणजे पुठ्ठा आणि दोन भिंगे. बाकी सर्व भार मोबाइलवर. मोबाइलात जायरोस्कोप नसेल तर मान वळवूनही चित्र जागचे हलत नाही. २०२१ साली गूगलने त्याची विक्री थांबवली. निंटेंडोचा १९९५चा 'व्हर्च्युअल बॉय' तर वर्षभरातच बाजारातून उठला होता. त्यात लाल रंगाखेरीज दुसरा रंग नव्हता. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून खोली भासवण्याची मूळ युक्ती मात्र व्हीटस्टनची, १८३८ची. मराठीत तिला 'सैरबीन' हा सुरेख शब्द होता.

मराठीत 'खेळ' म्हणजे खेळणे आणि प्रयोगही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिके'चे खेळ केले, ते अंधारात सर्वांनी मिळून पाहण्याचे. बहिरमच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या वाडवडिलांना बायस्कोपचा डबा ठाऊक होता. तेथे भोकाला डोळा लावणारा एकटाच पाही. बंदूक पहिल्या घराण्यातली, हेडसेट दुसऱ्या. एक जण नेम धरी आणि बैठकीतले दहा जण चूक काढीत. हेडसेट घातलेल्याची चूक काढायची तर आधी त्याला काय दिसते ते विचारावे लागते.

आमचा जाड टीव्ही भंगारवाल्याने केव्हाच नेला. बंदूक माळ्यावर आहे. घोडा ओढला की अजून 'टक्' वाजते.