सस्काटून : आधी फळ, मग शहर

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतला ‘सस्काटून पाय’ म्हणजे मैद्याच्या दोन खुसखुशीत थरांमध्ये जांभळी रानफळं, साखर आणि लिंबाचा रस घालून भाजलेला गोड पदार्थ. नागपुरी संत्र्यांची सवय असलेल्या आपल्याला वाटतं, सस्काटून शहरावरून फळाला नाव पडलं असणार. इथे मात्र उलटी गंगा आहे. तिथल्या मूळ रहिवासी क्री लोकांच्या भाषेत या फळाला ‘मिसास्क्वातोमिन’ म्हणतात. त्यातलं शेवटचं ‘मिन’ म्हणजे छोटं रसाळ फळ. इंग्रजीने शब्दाची दोन्ही टोकं छाटली आणि ‘सस्काटून’ तेवढं उरलं.

कुणी विचारेल, ‘मिन’च गळालं, तर फळाचा पुरावा कुठे राहिला? तो उरलेल्या भागात आहे, कारण ‘मिसास्क्वात’ हे त्या झुडपाचंच नाव. शिवाय शहराची वसाहत १८८३ची, दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी वसवलेली. त्याच्या कितीतरी आधीपासून क्री लोक ही फळं वाळवून, बायसनच्या सुक्या मांसात आणि चरबीत मिसळून टिकाऊ ‘पेमिकन’ करत होते. पायची रीत युरोपातून आलेल्यांची खरी, पण फळ आणि त्याचं नाव दोन्ही त्यांनी क्री लोकांकडून घेतलं. तेव्हा पायला शहराचं नाव मिळालेलं नाही. शहरच पायमधल्या फळाचं नाव लावतं.