हानी येथे, जबाबदारी कोठे?

कंपनी म्हणजे कायद्याने घडविलेली एक स्वतंत्र व्यक्ती, ही कल्पना आज आपल्या अंगवळणी पडली आहे. १८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या बुटांच्या कारखानदाराच्या खटल्यात ती पक्की केली. कंपनीचे देणे ते मालकाचे देणे नव्हे, असा तो निवाडा. व्यापारास त्याने बळ दिले यात शंका नाही. परंतु पुढे कंपन्याच कंपन्यांना जन्म देऊ लागल्या. आई एका देशात, लेक दुसऱ्या देशात. नफा माहेरी जावा आणि नुकसान सासरीच राहावे, अशी सोय त्याच तत्त्वातून निघाली.

या सोयीचे खरे रूप भोपाळने दाखविले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. येथील कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. भारत सरकारने न्यूयॉर्कला दावा लावला. १९८६ साली न्यायमूर्ती कीनन यांनी, हा खटला भारतातच चालावा, असे सांगून तो परत पाठविला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मूळ कंपनी कितपत जबाबदार, याचा पूर्ण साक्षीपुराव्यानिशी अंतिम निर्णय त्या दाव्यात झालाच नाही.

पुढे वारे थोडे फिरले. झांबियातील तांब्याच्या खाणीने आमचे पाणी नासविले, अशी तक्रार तेथील गावकऱ्यांनी लंडनमध्ये वेदांत या मूळ कंपनीविरुद्ध नेली. २०१९ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा तेथे चालविण्यास मोकळीक दिली. भाग किती आहेत एवढे पाहून भागणार नाही. लेकीच्या कारभारात आईने हात किती घातला, हे पाहावयाचे, असे न्यायालयाचे म्हणणे.

हा प्रश्न आम्हांपासून दूर नाही. नांदेड जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते. २०१७ च्या हंगामात तेथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले. वीसहून अधिक दगावले. बचावलेला एक शेतकरी व दोन मृतांच्या पत्नी यांनी २०२० साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटाविरुद्ध दाद मागितली. ‘पोलो’ या औषधाने बाधा झाली, हे त्यांचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले.

तात्पर्य, १८९६ चे तत्त्व माणसांनीच केलेले आहे आणि माणसेच त्याला मुरड घालीत आहेत. ज्याचा हुकूम त्याची जबाबदारी, हा आपल्या गावगाड्यातला साधा न्याय. पण न्यायालयास पुरावा लागतो. म्हणून लातूर-नांदेडच्या शिवारात पाठीवर पंप घेणाऱ्या प्रत्येकाने औषधाची पावती आणि डब्यावरील कागद जपून ठेवावा. सातासमुद्रापलीकडील दारावर थाप द्यावयाची झाली, तर तेवढेच त्याच्या हाती असते.