मोटारीच्या ब्रेकमधील रबरी कडें

मोटारीला वेग देणाऱ्या यंत्राची कीर्ति सर्वत्र गाइली जाते. तिला थांबविणाऱ्या यंत्राची आठवण मात्र तें बिघडल्यावरच होते. नांदेड व लातूर या गांवांना तर ब्रेकचें महत्त्व विशेष. निजामी अमदानींत लातूरला बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ होता व नांदेडची आगगाडी मीटर गेजवर धावे. या दोहोंमधील सरळ वाट म्हणजे अहमदपूर व लोहा या गांवांवरून बालाघाटाच्या चढउतारांतून जाणारी सडक. निजाम सरकारच्या रेल्वेनें जून १९३२ मध्यें २७ गाड्यांनिशीं आपलें मोटारखातें काढलें.

त्या काळच्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. लांब उतारावर ड्रममध्यें उष्णता कोंडते व ब्रेकची पकड सुटूं लागते. उघड्या तबकडीला दोहों बाजूंनीं चिमटा घालण्याची युक्ति फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरनें १९०२ सालींच पेटंट केली होती. परंतु तिच्यांतील तांबें लवकर झिजे व कर्कश आवाज करी. पुढें १९५३ मध्यें फ्रान्सांतील ले मान्सची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, आणि या युक्तीचें मोल जगाला पटलें. प्रथम पुढल्या व नंतर कित्येक मोटारींच्या मागल्या चाकांनाही ती लागू झाली.

या चिमट्यास कॅलिपर म्हणतात. त्यांतील पिस्टनभोंवतीं चौकोनी काठाचें एक रबरी कडें असतें. ब्रेक दाबला कीं पिस्टन पुढें सरतो व कडें किंचित् पिळतें. पाय काढतांच तें पूर्ववत् होऊन पिस्टनला केसभर मागें ओढतें. म्हणजे ब्रेक ऑइल अडविणें व चाक मोकळें करणें, हीं दोन्ही कामें तेंच करतें.

मराठवाड्यांतील काळ्या मातीची धूळ व पावसाळ्याचें पाणी फाटक्या डस्ट कव्हरमधून आंत शिरलें, कीं पिस्टन गंजून अडकतो, चाक तापतें आणि एका बाजूचे पॅड झिजून जातात. अशा वेळीं कॅलिपर पुरता उघडावा लागतो. मागल्या चाकांत मात्र एक मेख आहे. कित्येक मोटारींत हँडब्रेकचा स्क्रू तेथेंच, पिस्टनच्या पोटांत असतो. असा पिस्टन ठोकून वा नुसता दाबून आंत बसवूं नये, तो फिरवीतच न्यावा. जबरदस्ती केल्यास आंतील रचना मोडते.

खड्डे पडलेला पिस्टन टाकून द्यावा. नवें कडें स्वच्छ ब्रेक ऑइलमध्यें भिजवून बसवावें. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागल्यास रबर फुगतें. शेवटीं निपल सैल करून नळींतील हवा पूर्ण काढावी. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. ती राहिल्यास पायाखालील पेडल पोकळ लागतें.

नवें कडें स्वस्त मिळतें, म्हणून जुन्यावरच काम भागविण्याचा मोह कोणी धरूं नये. उतारावरील गाडींत बसलेल्या साऱ्या कुटुंबाचा भरंवसा त्याच कड्यावर असतो.