सूचना आणि अधिसूचना

नगररचनेच्या कायद्यात 'हरकती व सूचना' असा एक शब्दप्रयोग आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले ते आवाहन सहसा कुणी वाचत नाही. परंतु नवी मुंबईची कल्पना अशाच एका आवाहनाला मिळालेल्या उत्तरातून पुढे आली, हे आपण विसरता कामा नये.

१९६४ साली मुंबई महानगरपालिकेने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या सूचना मागवल्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल यांनी सुचवले की, उत्तरेकडे लांबत चाललेल्या शहराला आणखी ताणण्यापेक्षा खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर नवे नगर वसवावे. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाने हा विचार विस्ताराने छापला. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही खाडीपलीकडील विकासाचा पुरस्कार केला आणि १७ मार्च १९७० रोजी 'सिडको' स्थापन झाली. तिघा नागरिकांची सूचना शासनाने मानली, ही लोकसहभागाच्या इतिहासातील गौरवाची घटना होय.

मात्र पलीकडच्या तीरावरून पाहिले, तर हाच इतिहास निराळा दिसतो. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशात ९५ गावे होती. आगरी, कोळी, कराडी समाज तेथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होते. त्यांच्याकडे कुणी सूचना मागितली नाही. १९७० मध्ये त्यांच्या दारी आली ती भूसंपादनाची अधिसूचना. नगराचा मसुदा आराखडा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जमीन आधी गेली आणि तिचे काय होणार, हे नंतर कळले. गावठाणे जागेवर राहिली, भोवतालची शेते गेली. वाढत्या कुटुंबांनी लगतच्या जागेत बांधलेली घरे अनधिकृत ठरली. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा शब्दप्रयोग त्या वेदनेतून जन्मला.

या लोकांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध आणि ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी सोडणाऱ्या उघाड्या ते पिढ्यान्‌पिढ्या राखत आले होते. नव्या नगरासाठी बांधलेल्या धारण तलावांचेही तत्त्व तेच: भरतीला दार मिटायचे, ओहोटीला उघडायचे. निसर्गाशी जुळवून घेणारे नगर कसे असावे, याचा अनुभव ज्यांच्या हातांत होता, त्यांना नियोजनाच्या बैठकीत आसन नव्हते.

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर रस्त्यावर मिळाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ही न्यायाची वाट पाच प्राणांचे मोल देऊन उघडली.

वसईकर वाचकांना हे परके वाटणार नाही. १९९० साली हेच महामंडळ वसई-विरार परिसराचे नियोजन प्राधिकरण झाले, आणि हरित वसई चळवळीला पाण्याचा व हिरव्या पट्ट्याचा प्रश्न घेऊन लढावे लागले.

इतिहासाचा धडा साधा आहे. सूचना मागायच्या तर त्या नकाशा कोरा असतानाच मागाव्यात. आणि मुंबईतील तज्ज्ञाला जेवढ्या आदराने विचारले जाते, तेवढ्याच आदराने ज्याचा बांध पुसला जाणार आहे त्यालाही विचारावे. आपल्या गावाचे आराखडे यापुढेही येतील. बारीक अक्षरांतले ते आवाहन आपण वाचणार आहोत काय?