नाणेघाटाचा रांजण आणि रस्त्यात पुरलेली तार : फाटक वाहन कसे ओळखते?

१/
मुरबाडहून माळशेजकडे निघाले की टोकावडे लागते. तेथून थोडे पुढे वैशाखरे, आणि मग नाणेघाटाचा पायथा. आज या वाटेने राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. सातवाहनकाळी कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल याच डोंगररांगेतून वर चढत असे. आजचा विषय आहे फाटक. दारात कोण आले आहे हे फाटकाला कसे कळते, या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात टोकावड्याच्या शेजारीच सापडते.

२/
नाणेघाटाच्या माथ्याजवळील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायींची आणि कार्षापण नाण्यांची मोजदाद त्यात अंकांनी कोरलेली आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. तो जकातीचा, व्यापारी त्यात नाणी टाकून पुढे जात, असे लोकपरंपरा सांगते.

३/
जकात घ्यायची तर आधी समोरचा कोण हे ठरवावे लागते. कौटिलीय अर्थशास्त्रात याची तपशीलवार व्यवस्था आहे. नगराच्या महाद्वारापाशी शुल्कशाळा असावी. व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, मुद्रा कुठे उमटली, हे चार-पाच लेखनिकांनी नोंदवावे. सीमेवरचा अंतपाल मार्गकर घेई, त्याचे दरही दिले आहेत : मालाच्या गाडीला सव्वा पण, एकखुरी जनावराला एक पण, गुराला अर्धा, लहान जनावराला पाव, आणि खांद्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला एक माषक.

४/
ही यादी पुन्हा एकदा वाचा. टोलनाक्यावरील ‘हलके वाहन, बस, ट्रक, बहुअक्षीय वाहन’ या फलकाची ती पूर्वज आहे. फरक शेवटच्या ओळीत आहे. त्या यादीत पायी चालणारा माणूस आहे. त्याच्याकडून घ्यायचे नाणे लहान असले तरी फाटकाच्या दृष्टीने तो अस्तित्वात होता, कारण फाटकावर माणसाचाच डोळा होता. तो डोळा चुकत असे, विकलाही जात असे. लबाडी झाकणाऱ्या अधिकाऱ्यालाही अर्थशास्त्राने दंड सांगितला आहे, तो उगाच नव्हे.

५/
ब्रिटिश अमदानीत कायदे बदलले. १८५१ चा टोल कायदा आला, मुंबई इलाख्यासाठी १८७५ चा रस्ते व पूल टोल कायदा आला. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोहोचली आणि रूळ ओलांडणाऱ्या वाटांवर फाटके उभी राहिली. पण नाक्यावरचा आडवा दांडा असो की रेल्वेचे फाटक, दोर ओढणारा हात माणसाचाच राहिला. डोळा आणि हात एकाच शरीराचे होते.

६/
या दोहोंची फारकत मोटारयुगात झाली. १९२८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात चार्ल्स ॲडलर यांचा एक सिग्नल बसवण्यात आला. चालकाने ठरावीक जागी हॉर्न वाजवला की ध्वनिग्राहक तो ऐके आणि दिवा बदले. त्याच सुमारास हेन्री हॉ या विद्युत अभियंत्याने रस्त्यात दाबपट्टी बसवली. चाकाच्या भाराने दोन धातुपट्ट्या एकमेकींना टेकत आणि विद्युतमंडल पूर्ण होई. हॉर्नच्या युक्तीने शेजाऱ्यांची झोप उडे, तर दाबपट्टी बर्फ काढणाऱ्या नांगराने उखडली जाई. वाहनाला स्पर्श न करता आणि चालकाला काही करायला न लावता त्याची चाहूल घेणारे साधन हवे होते.

७/
त्याचे शास्त्र फार आधीच सिद्ध झाले होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. असेच प्रवाह धातूच्या अखंड पत्र्यातही भोवऱ्यासारखे फिरतात. १८५५ च्या सुमारास लेऑन फुको यांनी केलेल्या प्रयोगांमुळे त्यांना फुकोचेही नाव मिळाले. या तत्त्वावर चालणारा, रस्त्यात तारेचे वेटोळे पुरून वाहन ओळखणारा ‘लूप डिटेक्टर’ १९६० च्या दशकाच्या आरंभी वापरात आला.

८/
त्याचे काम असे चालते. पुरलेल्या वेटोळ्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्याची वारंवारता साधारण १० ते २०० किलोहर्ट्झ असते. वर गाडी आली की तिच्या तळाच्या धातूत भोवरे-प्रवाह उठतात. ते मूळ क्षेत्राला विरोध करतात, वेटोळ्याचे प्रेरकत्व किंचित घटते आणि वारंवारता किंचित वाढते. हा सूक्ष्म बदल डिटेक्टर टिपतो आणि फाटकाच्या मोटारीला इशारा देतो. येथे वजनाचा काही संबंध नाही. लोखंडच हवे असेही नाही. ॲल्युमिनियमही चालते, कारण धातूने वीज वाहून नेणे एवढेच पुरेसे आहे.

९/
आज मुरबाड परिसरातील एखाद्या कारखान्याला किंवा शेतघराला असे फाटक बसवायचे असेल तर काम बरेचसे गवंड्याचे असते. कटर मशीनने रस्त्यात आयताकृती खाच पाडतात, साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खोल. कोपरे तिरके कापतात, नाहीतर काटकोनाच्या धारेवर तारेचे आवरण फाटते. आयताच्या आकारानुसार अखंड तारेचे सहसा ३ ते ६ वेढे घालतात. डिटेक्टरकडे जाणाऱ्या दोन्ही टोकांना एकमेकांभोवती पीळ देतात, मीटरला किमान २० पीळ. पीळ सैल राहिला तर ती टोकेही भोवतालची चाहूल घेऊ लागतात. शेवटी खाच डांबराने किंवा इपॉक्सीने बंद करतात. काँक्रीटमधील सळया तारेच्या फार जवळ असतील तर संवेदनक्षमता घटते.

१०/
लूप बहुधा एकाहून अधिक असतात. एक आत, बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी फाटक उघडणारा. दुसरा फाटकाच्या जवळ, गाडी मधोमध असताना ते मिटू न देणारा. सरकणारे फाटक स्वतःच धातूचे असल्याने लूप त्याच्यापासून किमान मीटरभर दूर ठेवतात, नाहीतर फाटक स्वतःलाच वाहन समजते. शेजारच्या दोन लूपना वेगवेगळी वारंवारता देतात, नाहीतर एकाची चाहूल दुसऱ्याला लागते. आणि वीज सुरू करताना लूपवर गाडी नसावी, हा नियम सर्वांत महत्त्वाचा.

११/
का? डिटेक्टर वीज येताच जे समोर असेल त्यालाच ‘रिकामा रस्ता’ मानतो. आपल्या भागात वीज जाते-येते. ती परतली तेव्हा लूपवर ट्रक उभा असेल, तर अनेक डिटेक्टरांच्या लेखी तो ट्रक जमिनीचाच भाग ठरतो, आणि त्याच्यावर फाटक मिटू शकते. घाटपायथ्याचा पाऊसही असाच घात करतो. खाचेला भेग पडली, पाणी तारेच्या आवरणापर्यंत पोहोचले, की गाडी नसताना फाटक उघडू लागते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या दांड्याखाली धातू इतका थोडा की डिटेक्टरला वाटते, वाहन निघून गेले. लूपची नजर त्याच्या आखूड बाजूच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीपर्यंतच पोहोचते. त्यामुळे उंच तळाचा ट्रकही कधी हातचा निसटतो. म्हणून वाहन गेल्यावर थोडा वेळ थांबण्याची सोय, आणि त्या त्या जागेवरच्या वाहनांनी घेतलेली चाचणी, दोन्ही आवश्यक ठरतात.

१२/
आता पुन्हा अर्थशास्त्राची यादी घ्या आणि ती या तारेवरून चालवून पाहा. मालाची मोटारगाडी : नोंद होते. बैलगाडी : चाकाची लोखंडी धाव तारेच्या अगदी वरून गेली तर क्षणभर, एरवी भरवसा नाही. घोडा, बैल, शेळी : नोंद नाही. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, शाळेतून परतणारे पोर : नोंद नाही. लूपला वाहन दिसते असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याला दिसतो जमिनीलगतचा धातू. ‘वाहन’ हा अर्थ आपण त्यावर चढवलेला आहे.

१३/
हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. फक्त लूपच्या भरवशावर मिटणारे जड फाटक मुलाच्या अंगावरही तितक्याच निर्विकारपणे मिटेल, कारण त्याच्या हिशेबी तिथे कोणीच नाही. म्हणून अशा फाटकाला प्रकाशकिरणाचा संवेदक लागतो. किरण तुटला की फाटक थांबते, तो धातूने तुटो की माणसाने. शिवाय अडथळा लागताच उलट फिरणारी मोटारही असावी. खर्च वाचवण्यासाठी या गोष्टी वगळणे म्हणजे यादीतील शेवटची ओळ खोडणे होय.

१४/
१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी कोणाची हे काचेवरची पट्टी सांगते. तरीही गाडी दांड्याखालून पूर्ण गेली की नाही, हे सांगण्याचे काम अनेक मार्गिकांत पुरलेला लूपच करतो. एक ओळख सांगतो, दुसरा उपस्थिती. शुल्कशाळेतील लेखनिक ही दोन्ही कामे एकाच नजरेत करत असे.

१५/
नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची केवळ पावले उरली आहेत आणि वर कोरलेली नावे. पण या घाटातून ओझी घेऊन चढलेल्या असंख्य माणसांची ना मूर्ती ना नाव. त्यांच्या असण्याची खूण कुठे सापडत असेल तर ती माषकाच्या त्या एका दरात. नोंद करणारे साधन बदलले की नोंदीतून कोण गळते, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. पुढच्या वेळी एखादे फाटक आपोआप उघडले तर खाली पाहा. रस्त्यात काळ्या रेषेचा, तिरक्या कोपऱ्यांचा आयत दिसेल. मग त्याच्यावरून पायी चालत जा आणि फाटक काय करते ते पाहा.

धागा समाप्त. नाणेघाटाच्या वाटेवर जुन्या जकातीच्या आणखी काही खुणा आपण पाहिल्या असतील तर अवश्य सांगा.